गाडीचा थरथराट

नागपूर, ९ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
रोशनचा सा. नमस्कार वि. वि.

तुम्हाले फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्र. मी परवा गावी आलो तेव्हा गाडी गोंदियाला मुन्नालाल मेकॅनिककडे नेऊन दुरुस्त करून आणली, ते सांगायचंच राहिलं. इंजिन न् गिअरबॉक्स गाडीच्या सांगाड्यावर थेट कसत नाहीत, मधात लोखंड-रबराच्या बैठका असतात, माउंट म्हणतात त्यांना. त्या वजनही पेलतात न् हादराही गिळतात. आपल्या पार फाटल्या होत्या. आई म्हणायचीच ना, या गाडीत ताक घेऊन बसलं तर लोणी निघते! आता नवीन टाकल्या. बघा कशी गुमान चालते ते.

तब्येतीला जपा. माया असू द्या.
आपला, रोशन

केशोरी, १८ जानेवारी

चि. रोशनले अनेक आशीर्वाद.

काऊन रे, मले न इचारता केलं? बहिऱ्या माणसाले इंजिनाचा आवाज थोडीच येते! पायाखालचा, स्टिअरिंगचा थरथराट हाच माहा कान होता. गिअर कवा बदलवायचा, ते त्याच्यानंच समजे. मागून हॉर्न वाजला का तुही आई माह्या गुडघ्यावर टिचकी मारे. ती गेल्यावर थरथराट तेवढा उरला होता, तोही तू काढून घेतला.

मागच्या शनवारी बजारात इंजिन बंद झालं समजून गाडी चालूच ठेवली न् भाजी घेत फिरलो. भाजीवाल्या पुष्पाबाईनं हात धरून दाखवलं, तवा समजलं. लोकं हासले. मले लय वाईट वाटलं. आता गाडी काढतच नाई.

तुही खुशाली कळव.
तुहा बाबा

नागपूर, २५ जानेवारी

ती. बाबांस सा. न.

चुकलो बाबा. हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मुन्नालालनं जुन्या माउंट ठेवल्या आहेत. म्हणाल तर परत टाकायला सांगतो. रागावू नका, दोन ओळी लिहा.
रोशन

केशोरी, ३ फेब्रुवारी

चि. रोशनले आशीर्वाद.

नोको टाकू. एसटीनं गोंदियाले गेलो तं मुन्नालालनं जुनी माउंट माह्या हातात देल्ली. रबर उभं चिरलं होतं. भर रस्त्यात इंजिन कलंडलं असतं, कोणाचं लेकरू समोर असतं तं? तू बराबर केलं. चुकी माही होती. कान तुह्या आईचे होते, गाडी मी एकटाच चालवत राहिलो.

दिवस बुडाला का बोनट उघडतो, इंजिन चालू करतो न् वरच्या झाकणावर हात ठेवतो. इंजिन अजूनबी तसंच थरथरते रे, आत बसलेल्यापर्यंत पोचत नाई एवढंच. मंग तिची लय याद येते न् रडू येते. तुह्यापासून कायले लपवू.

महाशिवरात्रीले ये. दरसाली तिले नागऱ्याच्या महादेवाले नेत होतो. औंदा तू चालव, मी तिच्या जागेवर बसतो. मागून हॉर्न वाजला का माह्या गुडघ्यावर टिचकी मारजो.

वाट पाहून राहिलो.
तुहा बाबा