ढिल्या खिळीचा पाना

मार्गशीर्ष शुद्ध २, शके १७९०. अमरावती

जानरावची उजव्या हाताची तीन बोटं गेली! काल दुपारी. कापसाच्या गठाणी दाबायच्या पेचाच्या खालच्या बोल्टाची चाकी आवळत होता, पाना घसरला आणि हात सरळ लोखंडात चेंगरला. मी चार हातांवर उभा. मिस्त्री म्हणवतो आणि काही करता आलं नाही.

पाना विलायती. खालचा जबडा खिळीवर फिरणारा – म्हणे लहानमोठी कसलीही चाकी या एकाच पान्यानं धरा. डोंबलाचं धरा! यंदाच्या हंगामात हा चौथ्यांदा घसरला. आधी नुसती सालटं निघाली म्हणून कोणी ओरडलं नाही. मीही नाही.

वैद्यानं हळद-तूप भरून हात बांधला. जानराव माझा मावसभाऊ. तिवशात नांगर धरून सुखात होता, मीच त्याला पेचावर आणला. संताप संताप होतोय. कोणावर काढू?

शुद्ध ३

पेचाचा गोरा साहेब म्हणतो, "तुम्हारा आदमी गाफिल था." गाफील! सकाळपासून उभ्याउभ्या गठाणी बांधणारा माणूस गाफील, आणि खुर्चीत बसलेला हा सावध!

मी तोंडावर म्हणालो, पानाच वाईट आहे. तो हसला. म्हणाला, पौर्णिमेपर्यंत याहून चांगला पाना करून दाखव. दाखवलास तर हत्यार वाईट होतं हे मान्य करीन आणि जानरावला काट्यावर वजनाला बसवीन. नाही तर त्यानं आपल्या गावी जावं.

जानरावला सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. "शेषराव, काम गेलं तं गेलं. पन मी गाफील नोतो. एवढं त्याच्या तोंडून वदवून घे."

घेतो!

शुद्ध ५

विलायती पाना घरी आणून दोन दिवस समोर ठेवलाय. रुई, तेल, धूळ – नुसता चिखल बसलाय त्यावर. जबडा हलवून पाहिला, जागचा हलत नाही. खीळ चांगली घट्ट आहे. म्हणजे दोष खिळीत नाही, जबड्यातच. बारीक आहे, दाते बोथट.

माझा पाना असा – जबडा दुप्पट जाड. दाते कानशीनं धारदार काढलेले. खिळीला दोन भोकं, लहान चाकीला पुढचं, मोठीला मागचं. आणि खीळ विलायतीहूनही घट्ट. काही म्हणजे काही हलायला नको.

बायको, जमुना, म्हणाली, "जेवतानाबी तो पानाच पाह्यता. ताटात काय हाये ते तरी सांगा." मी ताट सरकवून उठलो. राग तिच्यावर नव्हता. तिला तसं सांगितलंही नाही.

शुद्ध ७. अकोला

अमरावतीत एक लोहार रिकामा असेल तर शपथ! कापसाचा भाव काय चढला, ज्याला त्याला नवी गाडी हवी. सगळ्या भट्ट्या गाड्यांच्या चाकांच्या लोखंडी धावा तापवतायत. बोटं गेलेल्या माणसासाठी भट्टी नाही.

बडनेऱ्याला आगगाडी धरली आणि अकोल्याला पुंजाराम लोहाराकडे आलो. साठीचा म्हातारा, हात सोन्यासारखा, तोंड मात्र तिखट. मी काढून नेलेला पान्याचा कागद उलटसुलट करून पाहिला. म्हणाला, "चित्र चांगलं हाय. पाना पाहू."

शुद्ध ९

म्हाताऱ्यानं घात केला! पाना बनवला, जबडा जाड, दाते झकास, दोन्ही भोकं बरोबर – आणि खीळ ढिली! हातात घेतला की खुळखुळा!

"घट्ट काढली होती मी कागदावर!"

"मंग कागदानंच चाकी आवळ. मी लोखंडाचा करून राहिलो."

माझा तोल गेला. म्हणालो, तुम्हा लोकांना रेघ वाचता येत नाही तर तसं सांगावं. वाईट बोललो. त्यानं चिलीम पेटवली आणि पाठ फिरवली. मी त्याचाच हातोडा उचलून खीळ ठोकून घट्ट केली.

शुद्ध १०

घसरला. माझा पाना. गाडीच्या आसाच्या चाकीवर लावला, जोर दिला आणि तोंडावर आपटलो. ओठ फुटला.

पुंजाराम हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. "शेषराव, जुवाची शिवळ, थे बैलाच्या मानंजवळची खुटी, कवा घट्ट ठोकतं का कोणी? ढिली हाये म्हून बैल मान फिरवते. हा जबडाबी तसाच हाये. तू दांडा वढला का त्यानं फिरून चाकीवर बसाले पायजे. जितकं वढशीन तितका चावीन. खीळ आवळली का त्याची मान धरली तू. मंग थो कायले चावीन?"

"मग विलायतवाल्यानं घट्ट का ठोकली?"

"थे त्याले इचार. तिकडबी येडे असतीन."

शुद्ध ११

नवी खीळ घातली. ढिली. चाकी एक गोल, एक झिजलेली, एक आमच्याच लोहारांनी वेडीवाकडी केलेली – तिन्ही धरल्या. हिसडे मारले, लोंबकळलो. सुटत नाही! म्हाताऱ्याचे पाय धरले. "उठ गा. भट्टीजवळ लोळू नको, धोतर जळीन."

त्या विलायतवाल्याचा मात्र राग जात नाही. एवढी साधी गोष्ट. ढिली ठेवायची खीळ त्यानं कशासाठी आवळली? बिनडोक! पाने विकून मोकळा झाला, इथे माणसाचा हात गेला. तो समोर असता तर तीन बोटं मोजून मागितली असती.

शुद्ध १३. अमरावती

जिंकलो! साहेबानं स्वतः दांडा धरला. दोन्ही पाने एकाच चाकीवर लावले. विलायती दोनदा घसरला, माझा एकदाही नाही. "ठीक है. हथियार खराब था." सगळ्या पेचासमोर म्हणाला. जानराव उद्यापासून काट्यावर.

जानराव रडला. हात बांधल्या दिवशी रडला नव्हता, आज रडला. "तुह्यामुळं माहं नाव वाचलं, शेषराव." मैनाबाईनं, त्याच्या बायकोनं, मला ओवाळलं. जमुनानं पुरणाचं केलं. आज ताट सरकवलं नाही.

शुद्ध १४

साहेबानं जुना पाना मोडीत काढायला माझ्याकडे दिला. खीळ काढायची म्हणून तिच्यावरचा रुई-तेलाचा थर खरवडला. खाली हातोडीचे ताजे घाव. माझ्या हातोडीचे – तिची एक कड तुटकी आहे, तिचा वण मी कुठेही ओळखीन.

खंडेनवमीला पेचावरची चाळीस हत्यारं घासून पूजेला मांडली होती. हा एकटा खुळखुळत होता. देवापुढे खुळखुळणारं हत्यार बरं दिसत नाही म्हणून मीच खीळ ठोकून घट्ट केली. जानरावनं तो ऐरणीवर धरला होता. दोन्ही हातांनी.