शंभर पावलांचा कामठा

प्रति,
मा. उपवनसंरक्षक साहेब,
सुकीखोरे वनविभाग, जि. जळगाव.

विषय : जप्त कामठा अर्जदाराच्या हाताच्या मापाचा नसल्याबाबत, व दि. २१ डिसेंबरची सुनावणी दुसऱ्या अधिकाऱ्यासमोर ठेवण्याबाबत.

संदर्भ : १) आंबापाट परिमंडळाचा पंचनामा, दि. २९ नोव्हेंबर १९८७. २) आपली नोटीस, दि. ८ डिसेंबर १९८७.

अर्जदार : वना पुना भील, वय ६१, धंदा मजुरी व कामठे (धनुष्ये) बनवणे, रा. आंबापाट, ता. चोपडा.

महोदय,

१. दि. २८ नोव्हेंबर रोजी आंबापाटच्या नाल्यात एक नर सांबर मेलेले सापडले. पोटात बाण होता. कामठा जवळच्या करवंदीच्या जाळीत मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी वनपाल साहेब व वनरक्षक लोटन हे अर्जदाराच्या घरी आले, त्याचा कोयता व कानस जप्त केली आणि त्याला आरोपी केले. पंचनाम्यात लिहिले आहे की, अर्जदाराने नाल्याच्या अलीकडून तीनशे पावलांवरून बाण मारला. हा आरोप टिकला तर अर्जदारास तुरुंगवास होईल. म्हणून त्याचे म्हणणे सविस्तर मांडले आहे.

२. कामठा अर्जदाराने बनवला आहे. हे तो नाकारत नाही. दि. १० नोव्हेंबर रोजी दुपारी वनरक्षक लोटन एका पाहुण्यांना जीपमधून घेऊन आले. पाहुणे जळगावचे लाकडाचे व्यापारी असून विश्रामगृहावर उतरले आहेत, असे सांगितले. पाहुण्यांनी टोपी व काळा चष्मा शेवटपर्यंत काढला नाही. ते म्हणाले, "शंभर पावलांवरून सांबर पडेल असा कामठा पाहिजे. बंदुकीचा आवाज होतो." अर्जदाराने लोटन यांच्याकडे पाहिले. लोटन हसून म्हणाले, "वना आबा, सांबर लाकडानं शे, निशानाकरता. साहेब सांगतस तसं कर." लाकडाच्या सांबराला बंदुकीचा आवाज कसा चालत नाही, हे अर्जदाराने विचारले नाही. वनरक्षक एका व्यापाऱ्याला 'साहेब' का म्हणतो, हेही विचारले नाही. ही त्याची चूक झाली, ती त्याला मान्य आहे. खात्याचा माणूस सोबत आहे म्हणजे काम खात्याचे आहे, असे तो समजला.

३. कामठ्याविषयी अर्जदाराने त्याच वेळी जे सांगितले, ते येथे नोंदवणे जरूर आहे. मोठे जनावर पाडायचे तर बाण जड हवा, पाते रुंद हवे. जड बाण शंभर पावले जात नाही. गेला तरी खाली पडत जातो आणि पाठीवर धरलेला नेम पोटात लागतो. हलका बाण लांब जातो, पण सांबराच्या कातड्यात रुतत नाही. म्हणून जाणता माणूस वाऱ्याच्या उलट्या अंगाने वीस-पंचवीस पावलांपर्यंत जातो, आणि तिथवर जाता आले नाही तर परत फिरतो. पाहुण्यांना हे पटले नाही. त्यांनी बांबूला मुठीजवळ दुसरी पट्टी बांधायला लावली, आणि दोरी आखूड करून कामठा अधिक ताठ करून घेतला. दुसऱ्या दिवशी कामठा घेऊन ते गेल्यावर अर्जदाराची बायको कमलबाई म्हणाली, "जनावरना जवळ जावानी छाती नई, आनि शिकार मोठी पाहिजे!" मेलेल्या सांबराच्या पोटात बाण होता, याकडे आपले लक्ष वेधतो. जवळून मारणाऱ्याचा बाण पोटात लागत नाही.

४. अर्जदाराच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, डाव्यानेही अंधुक दिसते. शंभर पावलांवरची बैलगाडी कोणाची हे त्याला बैलाच्या घुंगरांवरून कळते. हे त्याने वनपाल साहेबांना सांगितले. त्यांनी जबाबात लिहिले, "भील लोकांना नेमासाठी दिसावे लागत नाही, ते अंदाजाने मारतात." हे वाक्य अर्जदाराने सांगितलेले नाही.

५. सर्वांत महत्त्वाचे असे की, जप्त कामठा डावखुऱ्या माणसाचा आहे. बाण ज्या अंगाने सरकतो, त्या अंगाला अर्जदार मुठीवर खाच घासतो. उजव्या हाताने ओढणाऱ्यासाठी ती डाव्या अंगाला असते. या कामठ्याला ती उजव्या अंगाला आहे. बांबूचा शेंडा वर व बुडखा खाली धरायचा असतो, त्यामुळे कामठा उलटा धरून खाचेची बाजू बदलता येत नाही. माप देताना पाहुण्यांनी कामठा धरायला उजवा हात पुढे केला होता. छातीच्या मध्यापासून त्यांच्या बोटाच्या टोकापर्यंत घेतलेले माप अर्जदाराने गाठ मारलेल्या दोरीवर ठेवले आहे. अर्जदाराचा हात त्या गाठीपासून चार बोटे कमी पडतो.

६. यावर वनपाल साहेबांचा अभिप्राय असा : "आरोपीने पंचनाम्यावर व रेशनच्या रजिस्टरसह सर्व कागदांवर डाव्या हाताचा अंगठा उठवला आहे. सबब तो डावखुरा असल्याचे सिद्ध होते." महोदय, निरक्षर पुरुषाचा डावाच अंगठा घ्यायचा हा सरकारचा रिवाज आहे. तलाठी स्वतः हात धरून तो शाईत बुडवतात. या न्यायाने तालुक्यातील अर्धे मतदार डावखुरे ठरतील. अर्जदाराने उजव्या हाताने भाकर खाऊन दाखवली, कोयता चालवून दाखवण्याचीही तयारी दाखवली. वनपाल साहेब म्हणाले, "कोयता जप्तीत आहे."

७. आता जे लिहायचे आहे, ते अर्जदार भीत भीत लिहवून घेत आहे. आपली नोटीस शाळेचे देवचंद गुरुजी यांनी त्यास वाचून दाखवली. अर्जदारास अक्षर कळत नाही, पण हाताची चाल कळते. तोच त्याचा धंदा आहे. नोटिशीवर आपली सही शाईची आहे. ती शाई ओली असताना उजवीकडे फरफटली आहे, कारण लिहिणारा हात लेखणीच्या मागून ओल्या अक्षरांवरून गेला आहे. गुरुजींनी उजव्या हाताने पाच वेळा सही करून पाहिली, एकदाही शाई फरफटली नाही.

यावरून अर्जदार काहीही म्हणत नाही. जिल्ह्यात डावखुरे पुष्कळ असतील. त्याने आपणांस कधी पाहिलेले नाही, की पाहिले आहे, हे त्यास सांगता येत नाही. तरी विनंती की, दि. २१ ची सुनावणी अन्य अधिकाऱ्यासमोर व्हावी, विश्रामगृहाची दि. ९ ते ११ नोव्हेंबरची नोंदवही तेथे आणावी. आणि तो कामठा पंचांदेखत सर्वांच्या हाती एकेकदा द्यावा. आधी अर्जदाराच्या, मग वनपाल साहेबांच्या, आणि आपण उपस्थित राहिलात तर आपल्याही. ज्याच्या हाती तो पूर्ण ओढला जाईल, त्याला पुढचे प्रश्न विचारावेत.

कळावे, न्याय मिळेल या आशेवर असलेला,
आपला नम्र,

निशाणी : वना पुना भील याच्या उजव्या हाताचा अंगठा
(डावा मुद्दाम दिलेला नाही.)

आंबापाट, दि. १४ डिसेंबर १९८७

अर्ज अर्जदाराच्या सांगण्यावरून लिहिला व त्यास वाचून दाखवला. — देवचंद गुरुजी

सोबत : १) नेत्रशिबिराची चिठ्ठी. २) मापाच्या दोरीची नक्कल, गाठीसह. मूळ दोरी अर्जदाराच्या घरी नाही, कोठे आहे ते सुनावणीत सांगण्यात येईल.

प्रत : मा. जिल्हाधिकारी साहेब, जळगाव. (ही प्रत आपल्या प्रतीच्या एक दिवस आधी टपालात टाकली आहे.)