डावा पल्ला वर

११ जानेवारी, सोमवार

नाही म्हणाली! तोंडावर नाही! "तुमच्या हातून कपडे घालून घ्यायचे असतील तर मी घरी येत नाही."

मी म्हटलं, अगं किनुए, बेचाळीस वर्षं झाली लग्नाला, आता कसली लाज? तर मान खिडकीकडे. बाहेर बर्फ पडत होता, तो बघत बसली. बर्फ काय कधी पाहिला नव्हता!

उजवा हात नोव्हेंबरात अर्धांगवायूनं गेला तो गेलाच. पाय येतोय. काठी टेकत संडासापर्यंत जाते, डाव्या हातानं जेवते. अडलंय ते अंगरख्यापाशी. दोन नाड्यांचा अंगरखा, एका हातानं गाठ बसत नाही. डॉक्टरांनी फेब्रुवारीअखेरची मुदत दिली आहे. तोवर स्वतःचं स्वतः आवरता आलं तर घर, नाहीतर त्सुरुगाचा आश्रम. तिथे अंथरुणाला खिळलेली माणसं ठेवतात.

"मग जाते त्सुरुगाला," म्हणाली. जशी काही बाजारातून मुळा आणायला निघाली आहे!

१३ जानेवारी, बुधवार

पोरांच्या बुटांवर असते ती आकड्यांची पट्टी लावून पाहिली. एकीवर बारीक आकडे, दुसरीवर लव, दाबलं की चिकटतं. आमच्या मारुओकात घराघरात पट्ट्याच विणतात, त्यामुळे शोधायला लांब जावं लागलं नाही. पन्नास वर्षं मी त्यांचेच माग दुरुस्त करत आलो.

पण जमत नाही. एक तर आवाज. चर्रर्र! शेजारच्या खाटेवरची तोमेआजी दचकून उठते, चौऱ्याऐंशी वर्षांची बाई. दुसरं, आकड्यांत फ्लॅनेलचा कापूस भरतो, चार-पाचदा लावली की पट्टी मेलेली. आणि तिसरं म्हणजे ओढताना दुसरी बाजू धरायला हात लागतो. तो हातच तर नाही!

किनुएनं ओढलं तर सगळा अंगरखाच हातात आला. ती रडली नाही. मीच बाहेर जाऊन उभा राहिलो.

१६ जानेवारी, शनिवार

तिचे केस विंचरत होतो. हातात दोन ब्रश. सहज एकावर एक दाबले, दातांत दात. अडकले! सोडवले तर आवाज नाही, जोर नाही. दोन्ही सारखेच. आकडा कोण आणि लव कोण हा प्रश्नच नाही.

विंचरायचं तसंच राहिलं. किनुए म्हणाली, "अर्धं डोकं कोंबडीसारखं ठेवून कुठे निघालात?"

१८ जानेवारी, सोमवार

कारखान्यात जाऊन यामागिशीला गाठलं. आता मालक झालाय, पण त्याच्या लंगोटाच्या काळापासून ओळखतो मी त्याला. कोपऱ्यातला जुना चार नंबरचा माग मागितला. त्यानं विचारलं, "होरीएकाका, निवृत्त होऊन चार वर्षं झाली, अजून तेलाचा वास सुटत नाही का?" पण किल्ली दिली.

बेत असा. पट्टीत जाड नायलॉनसारखा दोरा वर फास काढत विणायचा, मग ते फास कापून काड्या उभ्या ठेवायच्या. मग त्यांची टोकं तापलेल्या लोखंडावरून न्यायची. टोक वितळून गोळा होतं, भूछत्रासारखं. अशा दोन पट्ट्या समोरासमोर दाबल्या की एकीच्या छत्र्या दुसरीच्या छत्र्यांमध्ये घुसतात आणि मानेखाली अडकतात.

कागदावर सगळं बसतंय. कागदावर काय, मीही देखणा दिसतो.

१९ जानेवारी, मंगळवार

जळालं.

२० जानेवारी, बुधवार

पुन्हा जळालं. छत्र्या एकमेकींना चिकटून भाताचा गोळा झाला.

२२ जानेवारी, शुक्रवार

लोखंड कमी तापवलं, पट्टी भरभर ओढली. छत्र्या आल्या! भिंगातून बघितल्या, एकेक नीट उभी. दोन तुकडे दाबले... आणि सुटेचनात. मी एका टोकाला, यामागिशी दुसऱ्या टोकाला. तो म्हणतो, "काका, काकूचा अंगरखा लावायचाय की बोट बांधायची आहे?"

दाटी जास्त झाली. काड्या विरळ करायला हव्यात. ताणे पुन्हा लावायचे म्हणजे तीन दिवस. महिना संपत आला. रात्री झोप नाही, छातीत मागच चालू असतो.

२८ जानेवारी, गुरुवार

नखाएवढ्या जागेत चाळीस काड्या होत्या, पंधरावर आणल्या. अंगठ्यानं दाबलं की टिक. ओढलं की हलकेच सुटते.

अंगरख्याच्या काठाला शिवून दवाखान्यात नेला. व्यायाम शिकवणाऱ्या ओकुमुराबाईही आल्या. किनुएनं पल्ला उचलला, पण हातात तो पिळला जातो, छत्र्यांचं तोंड उलट होतं आणि कापडाची बाजू समोर येते. पाचदा झालं. सहाव्यांदा म्हणाली, "बावळट आहे तुमची पट्टी." घामेजली होती. ओकुमुराबाई म्हणाल्या, "आज पुरे."

पट्टीला तोंड एकच, म्हणून घोटाळा. दोन्ही तोंडांना छत्र्या हव्यात! मग कशीही पडो, कुठूनही दाबो, बसलीच पाहिजे.

१ फेब्रुवारी, सोमवार

बसली! दोन्ही तोंडांची पट्टी! किनुएनं एका हातानं, पिळलेल्या पल्ल्यानं, न बघता लावली. टिक, टिक, टिक. ओकुमुराबाईंनी टाळ्या वाजवल्या. यामागिशीला सांगितलं तर तो उडालाच. अशी पट्टी कुणाकडे नाही, वसंतात ओसाकाच्या प्रदर्शनात मांडू म्हणतो.

येताना अझुकीच्या लाल दाण्यांची गोड थंड वडी घेतली. उद्या नेईन. थंडीतच खायची ती.

३ फेब्रुवारी, बुधवार

आज थंडी सरल्याचा सण. भाजलेले सोयाबीन फेकून भुतं हाकलली, दवाखान्यातसुद्धा. तोमेआजी वयाइतके दाणे मोजून खायला बसली आणि पन्नासला कंटाळली. "उरलेले तू खा," किनुएला म्हणाली. हसणं ऐकलं तिचं! किती दिवसांनी.

६ फेब्रुवारी, शनिवार

काय करून बसलो मी!

सकाळी ओकुमुराबाईंचा फोन कारखान्यात. पळत गेलो. बर्फात दोनदा पडलो.

झालं ते असं. न्याहारीची हाक आली, किनुएनं घाईनं स्वतःच अंगरखा लावला. डाव्या हाताला उजवा पल्ला आपल्याकडे ओढणं सोपं. तोच शेवटी ओढला, वर दाबला, टिक. आणि गेली जेवणाच्या टेबलाशी. उजवा पल्ला वर!

तोमेआजीच्या हातातून साराचा वाडगा सुटला. हात जोडून बुद्धाचं नाव पुटपुटायला लागली. मग किनुएनं खाली बघितलं.

जिवंत माणसाचा डावा पल्ला वर. उजवा वर येतो तो शेवटच्या आंघोळीनंतर, दुसऱ्यांनी घातलेल्या कपड्यात. हे कुणी कुणाला शिकवत नाही. तीन वर्षांचं पोर चुकलं तरी आई झटक्यात पल्ले फिरवते. आणि मी? पट्टी कशीही पडो, बसलीच पाहिजे! नाडीलासुद्धा बाजू असते, आतली नाडी एकाच अंगाला शिवलेली, चुकायला जागाच नाही. ती आकड्यांची पट्टीही एकाच बाजूनं बसायची. माझ्या पट्टीला बाजूच नव्हती, आणि मी त्याचाच टेंभा मिरवत होतो. पन्नास वर्षं पट्ट्या केल्या, एक अंगरखा कधी शिवला नाही!

किनुए भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, "एवढी घाई झाली होती का तुम्हाला?"

थट्टा वाटली मला. मग तिची ओली उशी दिसली.

७ फेब्रुवारी, रविवार

नाड्यांच्या अंगरख्यात आहे. परिचारिकेनं गाठ मारली. जेवली नाही.

९ फेब्रुवारी, मंगळवार

मोठ्या परिचारिकेनं माझा अंगरखा वर्तमानपत्रात गुंडाळून हातात दिला. "काका, राग मानू नका. पण तोमेआजींना कालपासून ताप आहे, आणि त्या पडदा ओढून बसल्यात. बाकीच्याही कुजबुजतात. हा पुन्हा इथे नको."

आजींचा ताप माझ्या पट्टीनं आला का? नसेल आला. पण मी खात्रीनं सांगू शकेन का?

यामागिशी म्हणतो, "दोन्ही बाजूंनी बसते हीच तर तिची खरी कमाल! पिशव्यांना लावू, तंबूंना लावू." लाव बाबा. मला नकोय. जिला जिवंत आणि मेलेलं यातला फरक कळत नाही, ती माझ्या बायकोच्या अंगावर नको.

मागाची किल्ली मात्र त्यानं परत मागितली नाही.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

वाढवत होतो, इथेच चुकत होतो. कमी करायला हवं. छत्र्या पुन्हा एकाच तोंडाला. डाव्या पल्ल्याला आतून, उजव्याला बाहेरून, बस्स. मग उलटा पल्ला कितीही दाबा, कापडावर कापड, गळून पडणार. आणि पिळू नये म्हणून काठात एक जाड दोरा घालायचा, माशाच्या काट्यासारखा. तो पल्ला सरळ धरेल.

एवढी साधी गोष्ट! पण तेव्हा सुचली नाही. तेव्हा मी हुशार होतो.

१४ फेब्रुवारी, रविवार

आरशासमोर उजवा हात कमरेच्या पट्ट्यात खोचून वीस वेळा सरळ लावला. वीसही वेळा बसला. मग वीस वेळा उलटा. वीसही वेळा उघडा पडला. पट्टी बसली नाही म्हणून आनंद झाला, असं आयुष्यात पहिल्यांदाच!

पण ती हात लावेल का? चौदा दिवस राहिले.

१५ फेब्रुवारी, सोमवार

मोठ्या परिचारिकेच्या पाया पडायचं बाकी ठेवलं, तेव्हा आत सोडलं.

किनुए बघेचना. मग काय करणार! सगळ्या बायकांसमोर, स्वेटरवरून तिचा अंगरखा मीच माझ्या अंगावर चढवला. उजवा हात पाठीमागे. आणि उजवा पल्ला वर दाबला. गळून पडला. पुन्हा दाबला. पुन्हा पडला. जोरात दाबला, मीच धडपडलो. स्वेटर वर सरकून माझं पोट सगळ्यांना दिसलं असणार.

आजींचा पडदा हलला. ताप उतरलाय म्हणे. एक डोळा बाहेर. "परत कर बघू," म्हणाली. परत केलं. "अजून एकदा." अजून एकदा केलं. "धरतच नाही म्हणजे!" आणि सगळा पडदा सारून हसायला लागली. तोंडात कवळीही नव्हती. "किनुए, हा तुझा नवरा लग्नात पण असाच होता का गं?"

"याहून वाईट," किनुए म्हणाली. मग माझ्याकडे न बघता डावा हात पुढे केला. "काढा. माझी शोभा झाली तेवढी पुरे. द्या इकडे."

१८ फेब्रुवारी, गुरुवार

सहा मिनिटं. तिसरी जोडी सुटली.

२१ फेब्रुवारी, रविवार

पाच मिनिटं. दोनदा उलटा पल्ला ओढला, दोन्हीदा उघडा पडला, आणि ती स्वतःशीच म्हणाली, "हं, कळलं." पट्टी तिला सांगते. मला बोलावं लागत नाही.

२४ फेब्रुवारी, बुधवार

आज अजिबात जमलं नाही. हात दुखतो म्हणाली. परवा परीक्षा. त्सुरुगाची गाडी किती वाजता सुटते ते स्टेशनवर विचारून आलो आणि विचारलं म्हणून स्वतःलाच शिव्या घातल्या.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टर खिशात हात घालून उभे. ओकुमुराबाईंच्या हातात घड्याळ. मी दाराशी, मला बसवेना.

उजवा पल्ला आत सारला. डावा उचलला, आणि थांबली. किती वेळ थांबली! मग टिक. टिक. टिक. चार मिनिटं. डावा पल्ला वर, सरळ, जसा जिवंत माणसाचा असावा तसा.

डॉक्टर म्हणाले, "होरीएबाई, घरी जायला हरकत नाही."

ती माझ्यावर खेकसली, "बघत काय राहिलात? चपला आणा!"

२ मार्च, मंगळवार

घरी. दुपारी किसलेल्या मुळ्याबरोबर थंड सोबा शेवया खाल्ल्या. मुळा मी किसला, जाड झाला, तिनं मुकाट्यानं खाल्ला. म्हणजे खूशच आहे.

९ मार्च, मंगळवार

सकाळी अंगरखा लावून टेबलाशी आली. चहा ओतला तिनंच. म्हणाली, "अहो, अजून दोन अंगरख्यांच्या पट्ट्या करा. उजवा पल्ला वर बसणाऱ्या."

मला आधी कळलंच नाही.

"तुमचे हात आता कापतात. त्या वेळी नाड्यांशी झटत बसाल, आणि लोक बघतील. एक अंगरखा माझा, एक तुमचा. तुम्ही पुढे गेलात तर मीही एका हातानं लावू शकेन." घोट घेतला. "आणि मी आधी गेले, तर तेवढं एकदा तुम्ही घाला मला कपडे. तेव्हा नाही म्हणणार नाही."

यामागिशीकडे जाऊन दोरा घेऊन आलो. पांढरा.