सोमवारी सात वाजता, नागपूर केंद्र

४ ऑक्टोबर १९६६, लोणार

तारांना दिलेला कथलाचा डाग पुन्हा सुटला. निखाऱ्यावर सळी लाल करतो, कथील वितळतं, वाटतं बसलं — तार जरा हलवली की निघून येतं. आज अंगठा भाजला. शाळेत पोरांना वीज शिकवतो आणि घरी दोन तारा जोडता येत नाहीत मला.

शेजारच्या उत्तमरावांकडे रेडिओ आहे. परवा हाक मारून म्हणाले, ‘या न मास्तर, वहिनीचा आवाज ऐकाले.’ त्यांच्या ओसरीवर चार माणसांत बसून बायकोचा आवाज ऐकायचा? नको. स्वतःचा संच करीन. एक ट्रान्झिस्टर, एक सेल, कानाला लावायचा हेडफोन. मासिकात जोडणीचा नकाशा आहे.

६ ऑक्टोबर

सिंधूचं पत्र येऊन दोन आठवडे झाले. दोन वर्षं शिकायला म्हणून नागपूरला गेली, या दिवाळीला परत यायची होती. आता आकाशवाणीवर दर सोमवारी संध्याकाळी सात वाजता बायकांच्या कार्यक्रमात बोलते. ‘सहा महिन्यांनी कायम करतील म्हणतात. राहू का?’

उत्तर लिहून ठेवलंय — ‘दिवाळीला ये.’ टाकलं नाही.

९ ऑक्टोबर, रविवार

बसनं मेहकरला गेलो. हिंमतराव रेडिओवाल्यांनी माझी जोडणी उलटीपालटी करून पाहिली.

‘मास्तर, तार खरवडली का? वरचं रोगण तसंच हाय. डाग धरीन कसा?’

खरवडून दाखवलं. कथील असं पसरलं, जणू पाणी. मग एका मेलेल्या संचातून तीन पायांचा ट्रान्झिस्टर काढून दिला. ‘सेल उलटा लावू नका. मरते हे.’

१० ऑक्टोबर

उलटा लावला.

सात वाजले तेव्हा मी नुसता बसून होतो. ती कुठं तरी बोलत होती.

१३ ऑक्टोबर

तिची निळी साडी दांडीवरच आहे. आई ती धुते, वाळवते, परत टाकते. विचारलं नाही.

१६ ऑक्टोबर

पुन्हा मेहकर. हिंमतराव म्हणाले, ‘काऊन येवढी घाई?’ सांगून टाकलं. हसतील वाटलं होतं. हसले नाहीत. दुसरा ट्रान्झिस्टर दिला, स्वतःचा हेडफोनही दिला. ‘ऐकून झालं की आणून द्या.’

१७ ऑक्टोबर, सोमवार

दुपारी कडुलिंबापासून छपरापर्यंत एरिअलची तांब्याची तार ताणली. अर्थिंगसाठी जमिनीत नळाचा तुकडा ठोकून त्यावर मिठाचं पाणी ओतलं. सेलची बाजू तीनदा पाहिली.

आधी नुसती खरखर. मग कुठलं तरी हिंदी. हळूहळू बटण फिरवत गेलो — आणि सिंधू.

बाळंतिणीनं काय खावं, हे सांगत होती. सोबतची बाई काही म्हणाली, तर ती हसली. मोकळं हसली, पुढचं वाक्य हसण्यातच बोलली. नऊ वर्षं झाली लग्नाला. हे हसणं मी ओळखलंच नाही आधी. वाटलं, दुसरी कुणी आहे.

आईच्या कानाला हेडफोन लावला. तिनं तो दोन्ही हातांनी दाबून धरला. मग म्हणाली,

‘हे आपली सिंधूच हाय? इथं त कधी अशी बोलली नाई.’

मी उगाच तार सारखी करू लागलो.

‘आपणच बोलू देलं नाई तिले,’ आई म्हणाली आणि हेडफोन माझ्या हातात दिला. तोवर बातम्या लागल्या होत्या.

१८ ऑक्टोबर

वर्गात फळ्याकडं तोंड करून उभा राहिलो. पोरं वाट पाहत होती. तिची आठवण यायची ती चुलीजवळ बसलेल्या सिंधूची यायची. आता त्या हसणाऱ्या बाईची येते. तिला तर मी भेटलोही नाही अजून.

१९ ऑक्टोबर

पत्र टाकलं. लिहिलं — नोकरी सोडू नको. मी इथली सोडून तिकडं आलो, तर चालेल का तुला?