उघाडीवरून येणारा फोन

बाई, गेल्या गुरुवारी मी तुमच्या गावाला गेले होते. पनवेलच्या शाळेत असताना दर उन्हाळ्याच्या सुट्टीआधी तुम्ही म्हणायचात, "एकदा या गं पोरींनो, खाडी दाखवते तुम्हाला," आणि आम्ही "हो बाई" म्हणून विसरून जायचो. तुम्हाला जाऊन आता आठ वर्षं झाली आणि मी गेले ती कामाने. तळोज्याच्या कारखान्यात मी मोजमापाची उपकरणं बनवते हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याशिवाय, नवीन तंत्रज्ञानावर छोटा धंदा उभा करू बघणाऱ्यांना सरकार जे अनुदान देतं, त्याच्या निवड समितीवर मी बाहेरची तज्ज्ञ म्हणून बसते, हेही तुम्हाला ठाऊक आहे. चांगलंच ठाऊक आहे.

आज रविवार. विचुंब्याच्या घरात दुपारची मी एकटी आहे, समोर गुरुवारच्या तपासणीचा अहवाल लिहायला घेतलाय आणि त्याच्याऐवजी हे लिहिते आहे. अहवालाचा पहिला रकाना भरताना तुमची प्रयोगशाळा आठवली. नववीचा वर्ग, लंबकाचा प्रयोग. मी दोरी न बांधता, लंबक न हलवता शेजारणीच्या वहीतली निरीक्षणं उतरवून काढली होती, चोरी कळू नये म्हणून शेवटचा आकडा तेवढा बदलून. तुम्ही वही बघता, चष्मा वर सरकवता आणि अगदी हळू विचारता, "बेटा, तू बघून लिहिलंस, की लिहून झाल्यावर बघणार आहेस?" सगळ्या मुली गेल्या तरी तुम्ही मला थांबवून घेतलंत. दोरीचं वरचं टोक स्वतः धरून उभ्या राहिलात, कारण स्टँड मोडलेला होता, आणि माझ्याकडून वीस-वीस हेलकावे मोजून घेतलेत. तुमचा हात दुखत असणार. मधेच तुम्ही तो बदललात, आणि म्हणालात की आता हे निरीक्षण बाद, पुन्हा मोज. मी रडत मोजत होते. संपल्यावर तुम्ही डबा उघडून अर्धी तांदळाची भाकरी आणि सुकट माझ्यासमोर ठेवलीत. मी अजून हुंदके देत होते आणि खातही होते.

ईदला आम्ही चौघी तुमच्या मोहल्ल्यातल्या घरी यायचो. शेगडीवर शीरखुर्मा उकळतोय आणि तिथेच, ओट्याच्या कोपऱ्यावर, वर्तमानपत्र पसरून तुम्ही कुणाचा तरी रेडिओ उघडून बसलेल्या. एका हातात पळी, दुसऱ्या हातात तारांना डाग द्यायची सळई, सोल्डरिंगची. तुमचे मिस्टर, आमचे साहेब, आखातातून सुट्टीवर आलेले असले की दारातून हसत म्हणायचे, "तुमच्या बाईंना सोनं आणलं तर बघत नाहीत, वायरी आणल्या की खूश." मला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा तुम्ही तसलीच एक सळई चॉकलेटच्या पत्र्याच्या डब्यात घालून मला दिलीत. माझ्या घरात तोवर कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. आई ती भेट दोन्ही बाजूंनी बघत राहिली आणि म्हणाली, ही इस्त्री आहे का गं?

आता त्या दिवसाचं लिहायला हवं. समितीवरचं ते माझं पहिलंच वर्ष. मी सगळ्यांत नवी, एकटी बाई, बाकीचे मोठमोठ्या संस्थांतून शिकलेले. अर्जदारांच्या यादीत तुमचं नाव आदल्या दिवशी बघितलं होतं. नियम सरळ होता: अर्जदार ओळखीचा असेल तर तसं सांगायचं आणि तेवढ्यापुरतं बाहेर जाऊन बसायचं. मी सांगितलं नाही. मी आत असले तर तुम्हाला सांभाळून घेईन, असं मी स्वतःला समजावलं होतं. तुम्ही आत आलात, हातात कापडी पिशवी, पिशवीत उंच स्टीलचा डबा. मला बघून तुमचा चेहरा फुलला. मी मान खाली घालून कागद चाळायला लागले. पुन्हा वर बघितलं तेव्हा तुम्ही हसू आवरून घेतलं होतं, आणि मला म्हणालात, "नमस्कार मॅडम."

तुम्ही मराठीतच बोललात. निवृत्तीनंतर वडिलांच्या खाडीकाठच्या, खारातल्या शेतीवर राहायला गेलात, तिथलं सांगितलंत. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून गावाने घातलेला मातीचा बांध, आणि त्या बांधातली उघाडी, म्हणजे ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर सोडणारी आणि भरतीला मिटणारी झडप. बांध फुटायच्या आधी उघाडीपाशी पाणी आतून झिरपू लागतं, ते वेळेवर कळलं तर पेंढा-चिखल टाकून थोपवता येतं, नाही कळलं तर शेत खारावतं आणि पुढची काही वर्षं भात होत नाही. तुम्ही एका नळीत तरंगता डबा बसवला होता. पाणी चढलं की डबा वर येणार, बटण दाबलं जाणार, आणि जुन्या मोबाइलवरून तुम्हाला फोन लागणार. "इतकं सोपं आहे," तुम्ही म्हणालात. "सातवीतल्या पोरीलाही करता येईल." अध्यक्षांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. इतकं सोपं असेल तर त्यात तंत्रज्ञान कुठे आहे, असा त्याचा अर्थ होता. मला तुमची लाज वाटली, बाई. तुमच्या पिशवीची, डब्याची, आणि तुम्ही 'सेन्सर' म्हणायच्या ऐवजी 'तरंगी' म्हणालात त्याची.

त्यांनी बाजारपेठ विचारली. तुम्ही म्हणालात, "आमच्या खाडीची पंधरा-वीस गावं." "आणि त्यानंतर?" "त्यानंतर काय, त्या गावांतलं भात वाचेल." कुणीतरी हसलं. मग मी प्रश्न विचारला. कठीणच विचारायचा होता, म्हणजे कुणाला संशय यायला नको. "मॅडम, तुम्ही एकट्या आहात. तुमच्यानंतर हे कोण चालवणार?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत, वर्गात बरोबर प्रश्न विचारल्यावर बघायचात तसं. "तेच तर," तुम्ही म्हणालात. "आत्ता फोन फक्त मला येतो. जुन्या फोनवर तेवढंच जमतं. मी नसले तर काय? तो एकदम दहा घरांना जायला हवा, त्यासाठी नवीन सर्किट लागेल, चांगला माणूस लागेल. त्यासाठीच अनुदान मागते आहे." याहून नेमकं उत्तर त्या दिवशी कुणीही दिलं नाही. मी कागदावर लिहिलं: संघ नाही, एकच व्यक्ती, वय जास्त.

मग तुम्ही त्या स्टीलच्या डब्यात बाटलीतलं पाणी ओतून दाखवलंत. तरंगी वर आली, बटण दाबलं गेलं, आणि टेबलावरचा तुमचा फोन गप्प राहिला. पुन्हा ओतलंत. पुन्हा गप्प. त्या खोलीत रेंज येत नव्हती. आम्ही सगळेच फोन घ्यायला बाहेर व्हरांड्यात जात होतो, सकाळपासून मी स्वतः तीनदा गेले होते. "बाहेर जाऊन बघूया का?" एवढं एक वाक्य पुरलं असतं. अध्यक्ष म्हणाले, थँक यू मॅडम, कळवू आम्ही.

थोड्या वेळाने मी बाहेर आले तर तुम्ही बाकावर बसून, डबा मांडीजवळ धरून, पुन्हा पाणी ओतत होतात. तुमचा फोन खणखणीत वाजला. "वाजतोय बघ," तुम्ही म्हणालात. रागाचं नाव नाही, आनंदच. "आत रेंज नसेल. सांगशील त्यांना? मी आहे इथे." मी म्हणाले, "सांगते बाई, बसा तुम्ही." आत जाऊन बसले. पुढचा अर्जदार बोलत होता. तो झाल्यावर आणखी एक. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा बाकावर तुम्ही होतात, पिशवी मांडीवर. मी नजर चुकवून म्हणाले की आता निकाल पत्रानेच येईल. तुम्ही उठलात, माझ्या खांद्यावर हात ठेवलात. "इंग्रजी छान बोलतेस आता," म्हणालात. "जेवून घे, चेहरा उतरलाय तुझा."

तुमचा अर्ज नामंजूर झाला, आणि त्यानंतर आपण भेटलो नाही. दीड वर्षाने शाळेच्या ग्रुपवर तुम्ही हृदयविकाराने गेल्याची बातमी आली. मी हात जोडल्याची खूण टाकली आणि फोन पालथा ठेवला.

गुरुवारी मी गेले होते ते तीन तरुण मुलांबरोबर. समितीने त्यांना भरतीच्या पाण्यावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रासाठी अनुदान दिलंय, मी स्वतः भरभरून गुण दिलेत. हुशार मुलं आहेत, त्यांचा यात काही दोष नाही. चाचणीसाठी जागा हवी म्हणून त्यांनी तुमचं गाव नकाशावर शोधलं होतं. आम्ही पोहोचलो तर शेत कुठेच नाही. जिथवर नजर जाते तिथवर तिवरं आणि त्यांच्या मुळांतून हलणारं पाणी. बांधाचे उंचवटे तेवढे मधेमधे उरलेत. एक म्हातारे गृहस्थ जाळं घेऊन चालले होते. आम्हाला बघून थांबले, कुठून आलात म्हणाले; मी पनवेल सांगितलं.

"इतं भात व्हायचा," ते म्हणाले. "आता नाय. खारा पानी शिरला तो शिरलाच."

मुलांपैकी एकाने विचारलं, कळलं नाही का वेळेवर? म्हातारे म्हणाले, "आदी कलायचा. आमच्या बाईंनी उघाडीवर एक यंतर लावला होता. पानी चढला का बाईंना फोन. बाई घरोघर सांगायच्या, आमी पेंढा घेऊन धावायचो. दोन पावसाली वाचवला त्यांनी आमाला." त्यांनी जाळं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मंग बाई गेल्या. त्याच साली आवसेची मोठी भरती आली, दिवसाढवल्या. आमी सगले एका लग्नाला. बाईंचा फोन बंद करून त्यांच्या कपाटात ठेवलेला. चार म्हयन्यांनी त्यांच्या पोरीनं कायतरी कागदांसाठी तो चालू केला, तर मिस कॉलचे मेसेजवर मेसेज. सगले उघाडीचे. यंतर लावीतच होता फोन, बिचारा."

मुलांपैकी एक पुढे झाला. त्याने समजावून सांगितलं की आमचं यंत्र एकाच वेळी शंभर जणांना कळवतं, त्यामुळे असं होणार नाही. म्हातारे त्याला म्हणाले, "बरा हाय, बाबा. दुसऱ्या गावात लावा."

हे मी कुणाला पाठवू? तुमच्या मुलीचा नंबर त्या ग्रुपवर आहे. सकाळपासून दोनदा उघडला. तिला काय लिहू, की तुझी आई बाकावर बसून राहिली तेव्हा मी आत होते? ती चांगली असेल, तुमचीच मुलगी, बहुतेक मला चहाला बोलवेल. ते मला सोसणार नाही. आणि एक गोष्ट तर तिला लिहूनही सांगता येणार नाही. गाडीकडे परत येताना म्हातारे माझ्याबरोबर चालत होते. मधेच त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, तुमी पनवेलच्याच ना? आमच्या बाई तितं शालेत होत्या. तुमी वलखायच्या का त्यांना?"

मुलं पुढे उभी होती, ऐकत होती. मी म्हणाले, नाही.