अप्पांचं ‘बघून राहिलो’

लातूर, सोमवार

प्रिय उजू,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. अप्पांवर रागव, माझ्यावर रागव, पण फाडायच्या आधी शेवटपर्यंत वाच.

काल तुझ्या अप्पांची शोकसभा झाली. नुसता वैताग! ज्यांनी त्यांचं सदर कधी धड वाचलं नाही, ते माईक सोडायला तयार नव्हते. आमचे संपादक भागवतसर म्हणाले, रामलिंगअप्पांची भाषा काय शुद्ध, काय निर्मळ! मला तिथंच ओरडावंसं वाटलं. अप्पा आणि शुद्ध? बावीस वर्षं ते दर गुरुवारी मुरुडहून हातानं लिहिलेले कागद पाठवायचे. त्यात ‘लई’ आणि ‘न्हाई’ ठासून भरलेलं. आणि मी, पेपरची मुद्रितशोधक, लाल पेन घेऊन ते सगळं सपाट करायची. सरांचा हुकूमच होता, पेपरात गावठी चालणार नाही. अप्पा भांडले नाहीत कधी. ऑफिसात आले की छापलेलं सदर पुढं धरून एवढंच म्हणायचे, मंजू, माझी पोरगी सासरी गेल्यावानी दिसतीय गं, वळखू यीना.

तुझा राग मला ठाऊक आहे. तुझ्या फारकतीवर त्यांनी सदरात लिहिलं आणि अख्खं नांदेड तुला विचारायला लागलं. घरातलं चव्हाट्यावर कशाला, म्हणालीस आणि वर्षभर मुरुडला पाय ठेवला नाहीस. चूक त्यांचीच होती, मी तोंडावर सांगितलं होतं त्यांना. मग ते शेवटचं सदर आलं, देवणीच्या जनावरांच्या बाजारावरचं, आणि त्याच्या शेवटी ते वाक्य: ‘उजू, वाट बघत राहिलो.’ केवढी कडाडलीस तू फोनवर! म्हणालीस, वाट बघून दमलो, आता नको येऊस असंच सांगतात, वर जिल्हाभर मलाच दगड ठरवतात. नवव्या दिवशी अप्पा गेले. तू मातीला आलीस आणि उभ्या उभ्याच परतीची बस धरलीस. तुझा चहा ओट्यावर तसाच निवला.

मी त्याच दिवशी बोलायला हवं होतं. लाज वाटली, दुसरं काय.

सोबत त्या सदराचा अप्पांच्या हातचा कागद आहे. शेवटची ओळ बघ. ‘उजू, वाट बघून राहिलो.’ बघून, उजू! अगं, आपल्याकडं ‘बघायलो’ म्हणतात खरं, पण अप्पांच्या आजोळचं हे वऱ्हाडी बोलणं आपणही शाळेपासून उचललं ना? जेवून राहिलो म्हणजे जेवतोय, येऊन राहिलो म्हणजे येतोय. अप्पा वाट बघत होते, त्या घडीला, दारात खुर्ची टाकून. मी सवयीनं ‘बघून’ खोडून ‘बघत’ केलं आणि त्यांचं वाट बघणं पार संपवून टाकलं. ते लाल पेन माझं आहे. अप्पांनी तक्रार केलीच नव्हती गं, तुला हाक मारली होती.

मला माफ नको करूस. पण मुरुडला जा. अप्पांच्या त्या खुर्चीवर आता तुझी आई बसते, बसची वेळ झाली की. गुरम्माकाकू वाट बघून राहिल्यात.

तुझीच, लाल पेनवाली
मंजुश्री