काचेवरचा दुसरा ठिपका

४ मार्च, मंगळवार
आज पुन्हा तेच! हिच्या मांडीवर उशी, उशीवर टॅब, तो घसरू नये म्हणून मी दोन्ही बाजूंनी गच्च धरलेला. हिनं ‘पाणी’च्या चित्रावर बोट ठेवलं. टॅबनं ‘पाणी’ म्हणायला हवं — ढिम्म! चित्रं नुसती फुगतात, आक्रसतात. अर्धांगाच्या झटक्यानं वाचा गेली तेव्हापासून हिचा हात कापतो, त्याचाच परिणाम. “अगं, नीट दाब ना!” — ओरडलो. ओरडायला नको होतं.

६ मार्च, गुरुवार
स्पीच थेरपिस्ट बाई आल्या. जमत नसेल तर सोमवारी टॅब परत नेतील. दुसरे पेशंट थांबलेत. “चित्रं ओळखता येतात का?” त्यांनी हिला विचारलं. उत्तर मी दिलं — “आता हिला काही कळत नाही हो.” हिच्यासमोर! ही खिडकीकडे बघत राहिली.
संध्याकाळी आमच्या अपंग हक्क संघटनेच्या सभेत, भाषणात याच यंत्रावर तुटून पडलो. कापरा हात ज्याला कळत नाही, ते यंत्र कसलं! ज्यांना आवाज नाही त्यांचा आवाज आपण होऊ! टाळ्या थांबेनात.

८ मार्च, शनिवार
थोरली लेक आली. फोनच्या पडद्यांचं सॉफ्टवेअर हेच तिचं काम. आमची झटापट मुकाट्यानं बघितली. मग सेटिंगमध्ये काहीतरी चालू केलं — बोट टेकेल तिथे पांढरा ठिपका. हिनं ‘पाणी’वर बोट ठेवलं.
ठिपके दोन! एक हिच्या बोटाखाली. दुसरा कडेला, माझ्या अंगठ्याखाली.
“बाबा, अंगठा काढा.”
“अगं, मी नुसता धरलाय —”
“काचेला ‘नुसतं’ कळत नाही. टेकेल त्या बोटाची जागा ती आत कळवते. सिस्टिम त्याला नंबर देते. तुमचा अंगठा आधीच ठाण मांडून, म्हणजे पहिला नंबर तुमचा. आईचं बोट दुसरं. दोन बोटं एकदम दिसली की ॲपला वाटतं, चित्र लहान-मोठं करायचंय. शब्द दाबलाय असं ते धरतच नाही.”
“आणि हिचं कापणं?”
“एवढं कापणं सिस्टिम पोटात घालते, बाबा.”
अंगठा काढला. “पाणी,” टॅब म्हणाला. दोघी हसल्या. मी पाणी आणायला उठलो — खरं तर तोंड लपवायला.

९ मार्च, रविवार
बाईंना सांगायला हवं, चूक माझी होती. वाक्य जुळवतोय. जुळत नाही. मला, सभा गाजवणाऱ्याला!

१० मार्च, सोमवार
बाई आल्या. मी घसा खाकरला. टॅब आधी बोलला — “मला. सगळं. समजतं.”
बाईंनी टॅब न्यायला आणलेली रिकामी पिशवी घडी करून पर्समध्ये टाकली. मी तोंड उघडलं. पुन्हा टॅब —
“तुम्ही. बाहेर.”
जिन्यात बसून लिहितोय. दार लोटलेलं. आत ती बोलतेय.